अण्णासोंनी मागला आस उचलला त्याची कैफियत

सकळ चक्रधर, चिखलमर्दन, टोलप्रतिपालक वाचकांचे हुजूर: करवीर मुलखी, शिरोळ परगण्यात, गळीत हंगामाचे शेवटचे खेपेस जे रण माजले, त्याची कैफियत आकारामबापूंच्या बांधावर बसून लिहिली, ती ऐसी.

अण्णासो दहाचाकी ट्रकाचे धनी. ट्रकास पाठीमागे चाके जोडणारे आस दोन. पैकी एकास इंजिनाचा जोर, दुसरा नुसता ओझ्यास खांदा देणारा, गाडी रिकामी असता बटण दाबून अधांतरी उचलावा ऐसा. ऐसा ट्रक वजनास हलका आणि डिझेलास मिताहारी, म्हणोन अण्णासोंस प्राणाहून प्यारा. त्यांचे सख्खे मेहुणे कृष्णातराव यांजकडे दोन्ही आसांस जोर असलेला ट्रक. चिखलात हत्ती आणि पंपावरही हत्तीच. एक आस ओढतो नि दुसरा फुकट बसून जेवतो, ऐसी गाडी दाजींनी घेतलीच कशी, हे मेहुणे बारशापासून तेराव्यापर्यंत दर पंगतीस बोलिले. मग अण्णासोंनी ट्रकाचे पाठीवर लिहविले, 'मेव्हण्याचा सल्ला नको', आणि भर पंगतीत शपथ वाहिली की, मेहुण्याचा दोर गाडीस लागेल ते दिवशी गाडी विकीन.

पुढे प्रसंग ऐसा गुदरला की, दोन्ही ट्रक फडात ऊस भरून सज्ज, आणि दुपारी बाराला लाइट आली. लाइट आली की मोटर सुरू करावी, हा फडाचे धनी आकारामबापू यांचे हाताचा धर्म. डोक्यास त्याची खबर नसते. पाट फुटला आणि पाणी गाडीवाटेत उतरले आणि वाटेचे श्रीखंड जाहले. कृष्णातराव मागल्या आठही चाकांनी चिखल उधळीत सडकेस लागले. अण्णासो निघाले आणि वीस पावलांवर रुतले. जोराची चाके जागीच गरगरू लागली आणि बिनजोराची शेजारी बसून तमाशा पाहू लागली. मग फर्मान सुटले की, पाला घाला; तो चाकांनी खाल्ला. मग मुरूम घाला, तोही खाल्ला. आता दोर लावावा तर शपथ आडवी. गाडी विकायची म्हणजे काळीजच विकायचे.

इतक्यात कृष्णातराव खांद्यावर दोर टाकून, ओठांत हसू दाबून येते जाहले. "दाजी, लावू का?"

तोच अण्णासोंच्या कुटुंब अंजनाबाई भाकरीची पाटी घेऊन दाखल जाहल्या. नवरा एकीकडे, भाऊ एकीकडे, मध्ये चिखल. बाईंनी पाटी बांधावर ठेविली आणि हुकूम सोडिला, "रोज जेवताना त्या बटनाचं कवतिक सांगतासा, मग आता दाबा की! बसून खाणारी चाकं उचला, समदं वजन वढणाऱ्यांवर पडूंद्या."

अण्णासो थक्क. बटण रिकाम्या गाडीस, टायर झिजू नयेत म्हणोन, एवढेच शोरूमवाल्याने पढविलेले. भरल्या गाडीस लावावे, हे मनातही न आले. बटण दाबिले. मागला आस हवेचा सुस्कारा टाकीत उचलला आणि सारा भार ओढत्या चाकांवर बसला आणि चाकांनी खालची घट्ट भुई धरिली आणि ट्रक कण्हत, डुलत सडकेस लागला. तेथेच आस पुन्हा खाली सोडिला, कारण इतके ओझे एका आसावर दामटणे म्हणजे त्याचा कणा मोडणे.

कृष्णातराव दोर गुंडाळीत पुसते जाहले, "ताई, तू माहेरची हाईस का सासरची?"

"मी भाकरी घिऊन आलीया," बाई वदल्या. "जेवा आधी."

येणेप्रमाणे चिखलाची शिकस्त आणि एका आसाची फत्ते जाहली. दोर कोरा राहिला, गाडी घरात राहिली. अण्णासोंनी विजय आपलेच नावे मांडिला. परंतु दुसरे दिवशी हातकणंगल्याचे रंगाऱ्याकडे गुपचूप जाऊन 'मेव्हण्याचा सल्ला नको' याखाली एक ओळ वाढविली, ती येथे दप्तरी दाखल केली असे: 'बायकोचा चालंल.'