लूथरन बस

कॅन्ससमधल्या आपल्या गावात सरकारची एक दमडी शिरू दिली नाही, हा अर्विन टीट्झचा अभिमान होता. तो रिपब्लिकन पक्षाचा जिल्हाध्यक्ष. सत्ता त्याच्याच पक्षाची होती आणि खर्च कधी नव्हे इतका वाढला होता. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध मात्र त्याच्या बुद्धीला अद्याप शिवला नव्हता. २००५ च्या उन्हाळ्यात खासदार ब्रॅनिगन पक्षाच्या पॅनकेक-न्याहारीला आले, तेव्हा अर्विन नव्या महामार्ग विधेयकातल्या खर्चांची यादी घेऊनच उभा राहिला.

"साहेब, पान एकशे बारा. 'ग्रामीण गतिशीलता संवर्धन.' हे काय प्रकरण आहे, इथल्या एकाला तरी सांगता येईल?"



"कुणाच्या तरी मेव्हण्याची सोय असेल," मागून कोणी म्हणाले. सभागृह हसले.

"अर्विन, ही नोंद गेली म्हणून समजा," खासदार म्हणाले. लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

अर्विन विजयी मुद्रेने बसला. शेजारी त्याची बायको व्हर्ना पॅनकेकचे तुकडे करीत होती.

"ती आपली बस आहे," ती म्हणाली.

"कोणती?"

"लूथरन बस. मला डायलिसिसला नेते ती."

"ती आपल्या लूथरन चर्चची आहे."

"चर्चच्या आवारात उभी असते, म्हणून सगळे तसं म्हणतात. दारावर सरकारचं आणि याच योजनेचं नाव आहे, बारीक अक्षरांत. तू कधी चढलायस तिच्यात? मी आठवड्यातून तीनदा चढते. डोळ्यांपायी तुझं लायसन्स गेलं. आता काय खांद्यावर नेणार आहेस मला?"

"आधी का नाही बोललीस?"

"तुला चर्चचा एवढा अभिमान वाटत होता. म्हटलं, राहू दे."

अर्विन उठला. खासदार कॉफी ओतून घेत होते. पन्नास वर्षे सरकारला वाहिलेली लाखोली त्याने घशाखाली ढकलली.

"साहेब, ती नोंद... ठेवता नाही का येणार?"

"अहो, काढतंय कोण? मीच घातली आहे ती. यंदा दुप्पट करून."

"पण आत्ता तर आपण..."

"अर्विन, इतक्या वर्षांत आम्ही एक तरी गोष्ट कापल्याचं आठवतं तुम्हाला? कापायचं ते भाषणात."

तत्त्वाला धरून त्याला संताप यायला हवा होता. आला तो सुटकेचा निःश्वास. आणि त्याची लाज कानांपर्यंत तापत गेली.

"उपकार झाले," तो म्हणाला. पण इतक्या हळू, की जवळच्या टेबलापर्यंत पोचू नये.