सोहोनीकाकांची जागा

सोहोनीकाकांच्या गाडीत बसायचं तर माकडटोपी उलटी घालावी लागे. म्हणजे तोंडाची खिडकी मानेमागे आणि डोळ्यांपुढे जाड तपकिरी लोकर. घरी बायकोचंही न ऐकणारे डॉक्टर आणि इंजिनिअर त्यांच्या स्टेशन वॅगनमध्ये असे ओळीने बसून जाताना मी पाहिलेत. एकदा पोलिसाने गाडी थांबवली, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "ऑफिसर, दे आर माय फ्रेंड्स." टोप्यांनी माना डोलावल्या म्हणून सुटले.

हा सगळा खटाटोप ट्रफलसाठी. ट्रफल म्हणजे जमिनीच्या पोटात वाढणारी अळंबी. आमच्या ऑरेगनमध्ये ती डग्लस फर झाडांच्या मुळांशी सापडते. दिसायला मातकट बटाटा आणि वास असा, की शेजारी गॅस कंपनीला फोन करतील. काका मूळचे देवगडकडचे. "आमच्याकडे अळंबीची जागा सख्ख्या भावाला सांगत नाहीत," ते म्हणायचे. "गाव सोडताना फक्त एकाला सांगायची."

त्यामुळे वीस मिनिटांच्या वाटेला ते तासभर लावत. एकाच पेट्रोल पंपाला तीन प्रदक्षिणा. जंगलात पोचल्यावर टोप्या निघत आणि वर्ग सुरू होई. "वर काय बघताय? खाली बघा! वर बघणारे उपाशी राहतात." खारीने कुठे उकरलंय ते बघायचं, तिथे दाताळ्याने पानांचा थर हलक्या हाताने बाजूला करायचा, आणि काम झालं की सगळं होतं तसं पसरून ठेवायचं. हे शेवटचं न करणाऱ्याला पुढच्या वेळी गाडीत जागा नसे.

मी लग्न करून इथे आले ती त्र्याऐंशी साली, पावसाळी नोव्हेंबरात. नवरा दिवसभर कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत. घरात मी आणि हीटरचा आवाज. त्या वर्षी मला सर्दी फार व्हायची, निदान नवऱ्याला मी तसं सांगायचे. एक दिवस काका आले आणि पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलेला एक खडा हातावर ठेवून गेले. मी वास घेतला. हिंग! इतका उग्र खडा हिंग इथे मिळतो म्हणून मी हरखले, आणि रविवारी ते जेवायला आले तेव्हा त्यांच्याच समोर तो ठेचून आमटीच्या फोडणीत टाकला. काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता म्हणे. मी पाहिला नाही. ते दोन वाट्या आमटी प्यायले आणि म्हणाले, "हिंग छान पडलाय." खरं काय ते मला दोन महिन्यांनी दुसऱ्यांकडून कळलं.

सुमनकाकू जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. पुढच्या हिवाळ्यात लेकीने, नंदिनीने, काकांना शिकागोला कायमचं बोलावलं. त्यांनी जागा आधी तिलाच देऊ केली. ती फोनवर म्हणाली, "बाबा, प्लीज! इट्स जस्ट मड." मग इथल्या महाराष्ट्र मंडळात एकच चर्चा सुरू झाली: काका जागा कुणाला सांगणार? देशपांडे डॉक्टरांनी त्यांचं ब्लडप्रेशर घरी जाऊन तपासायला सुरुवात केली. कुणी श्रीखंड पाठवलं. काका श्रीखंड खात आणि गप्प बसत.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांनी माझ्या दारापुढे हॉर्न वाजवला. टोपी दिली नाही. सरळ रस्त्याने निघाले.

जुनी ख्रिसमस ट्रीची बाग होती ती. मालकाने कापायची सोडून दिली, आणि झाडं वीसेक वर्षांत उंच होऊन एकमेकांत मिसळली. आत धुकं होतं आणि धुक्यालाही हिरवा रंग होता. पावलांचा आवाज शेवाळात विरत होता. आपण चालतोय की कुणाच्या स्वप्नात शिरलोय, तेच मला कळेना.

"ही जागा मी शोधलेली नाही," काका म्हणाले. "सुमनची आहे. आम्ही आलो तेव्हा इथे आपलं माणूस नव्हतं. ती रोज फिरायला जायची. मला वाटलं, हवा मानवली. एकदा मागोमाग आलो, तर ह्या झाडाखाली बसून रडत होती."

"मग?"

"मग काय. तशीच एकटी कशी सोडू, आणि रडू नकोस तरी कुठल्या तोंडाने सांगू? मीच आणली होती तिला इथे. मग दाताळं घेऊन यायला लागलो. म्हटलं, ट्रफल शोधतो. तिच्याकडे पाठ करून उकरत बसायचो. काहीतरी निमित्त हवं ना, गं. ट्रफल खरंच निघाला तेव्हा तीच आधी हसली."

मी त्या झाडाच्या सालीवर हात ठेवला.

"अपार्टमेंटच्या भिंती पातळ असतात," ते म्हणाले. "माणसाला एक जागा लागते. तुझी सर्दी मी वर्षभर बघतोय. जागा तुला दिली."

एवढं बोलून ते वीसेक पावलं पुढे गेले, माझ्याकडे पाठ केली आणि गुडघ्यांवर बसून पानं बाजूला सारू लागले. मी त्या झाडाखाली बसले आणि आईला हाक मारून रडले, अगदी मोठ्याने. काकांनी वळून पाहिलं नाही. फक्त दाताळं थोडं जोरात चालवायला लागले.