सतरा कड्या आणि एक मथळा

मुलांनो, हाताची घडी घाला आणि ऐका. सगळेच वर्तमानपत्र घेतात, पण मथळ्याच्या खाली कोणीच उतरत नाही, अशा एका जंगलात घडलेली ही गोष्ट आहे.

त्या जंगलात प्राणी आपलं धान्य झाडांच्या ढोल्यांमध्ये ठेवत. प्रत्येक ढोलीला दार होतं. दारापाशी आपला परवलीचा शब्द पुटपुटला की दार उघडे. तो शब्द कोणाला सांगायचा नसे.

दारांची देखभाल सुतारपक्षी करी. एकदा त्याला दिसलं की जुन्या सतरा दारांच्या कड्या जोरात हलवल्या की सरकतात. तो लगेच 'वनडंका' या वर्तमानपत्राची बातमीदार मैना हिच्याकडे गेला.

"चोरी झाली का?" मैनेने विचारलं.

"नाही. दोन दिवसांत सगळ्या कड्या बदलतो. तोवर त्या सतरा जणांनी दाराला दगड लावावा. बाकीच्यांनी काही करू नये. आणि शब्द कोणी मागितला तर सांगू नये, मी मागितला तरी."

मैनेने सतरा ढोल्या स्वतः पाहिल्या, कड्या हलवून बघितल्या आणि तेवढंच लिहिलं.

संपादक टिटवीबाईंनी बातमी वाचली आणि चोच वाकडी केली.

"यात मेलं कोण?"

"कोणी नाही."

"लुटलं कोण गेलं?"

"कोणीच नाही, बाई."

"मग ही बातमी आहे की सुतारकामाची पावती?"

दुसऱ्या दिवशी वनडंकाच्या पहिल्या पानावर छापून आलं: 'सर्व ढोल्या फुटल्या! तुमचा शब्द चोरांच्या हाती!' शेजारी काळा बुरखा घातलेल्या लांडग्याचं चित्र. खाली एका तज्ज्ञ माकडाचं मत. माकडाने आयुष्यात एकही कडी पाहिली नव्हती, पण त्याचा आवाज गंभीर होता. दगड लावण्याची आणि शब्द कोणालाच न सांगण्याची सूचना जागेअभावी गाळली होती.

जंगलात एकच धावपळ उडाली. भागा नावाची एक साळू होती. तिला दोन पिल्लं. पावसाळ्यासाठी तिने ढोलीत कंद साठवले होते. तिचं दार नवं होतं, अगदी पक्कं. पण ते कुठे छापलं होतं?

ती घाबरून बसली असतानाच एक तरस आला. गळ्यात पाटी: 'ढोली सुरक्षा कक्ष'.

"वनडंका वाचलात ना, ताई? तुमचा शब्द चोरीला गेलाय. जुना शब्द सांगा, लगेच नवा देतो."

"बरं झालं आलात, दादा," असं म्हणून भागाने शब्द सांगितला.

संध्याकाळपर्यंत तिची ढोली रिकामी झाली. आणखी चाळीस ढोल्यांचं तेच झालं. त्या जुन्या सतरा दारांना मात्र कोणी हातही लावला नव्हता.

भागा पिल्लांना घेऊन टिटवीबाईंकडे गेली. "तुम्ही खोटं छापलंत, म्हणून मी फसले. आता ही पिल्लं पावसाळाभर काय खातील?"

"खोटं?" टिटवीबाई म्हणाल्या. "चोरी झाली ना? म्हणजे बातमी खरी ठरली! थोडं इकडे तोंड करा. रडताना फोटो चांगला येतो."

मैनेने रागाने राजीनामा दिला. पानांवर खरी हकिकत लिहून तिने ती पाणवठ्यावर टांगली. ती तीन जणांनी वाचली. चौथी शेळी होती, तिने खाल्ली.

वनडंकाचा पुढचा अंक दुप्पट खपला. मथळा होता: 'आम्ही आधीच सांगितलं होतं!' शेवटच्या पानावर, हरवलेल्या शिंगांच्या जाहिरातीखाली, मुंगीलाच वाचता येईल अशा अक्षरांत एक ओळ होती: 'कालच्या बातमीत "सर्व"ऐवजी "सतरा" आणि "फुटल्या"ऐवजी "फुटल्या नाहीत" असे वाचावे.'

तात्पर्य: मुलांनो, बातमी खरी आहे की नाही हे छापण्यापूर्वी तपासत बसू नका. नीट घाबरवता आलं, तर वाचक स्वतःच लुटले जाऊन ती खरी करून देतात.