बालदेल्ली साहेब घर बघायला येतात

मंडळी, घराची तपासणी कशी होते हे या वेंडेलला कोणी शिकवू नये! नेब्रास्कात तीस वर्षं मी विमा कंपनीसाठी लोकांची घरं तपासली आहेत. दारातून आत पाऊल टाकलं की मालक किती पाण्यात आहे ते मला नाकाने कळायचं. त्यामुळे इथल्या पालिकेचा माणूस आमचं घर तपासायला येणार म्हटल्यावर मी बायकोला, म्हणजे डोरीनला, छाती फुगवून सांगितलं, "तू अगदी निश्चिंत राहा. तपासनिसाला काय आवडतं ते तपासनिसालाच ठाऊक!"

"मागच्या दोन वेळांसारखंच का?" डोरीन म्हणाली.

हिची स्मरणशक्ती नको तिथे शाबूत असते.

त्याचं असं आहे. इटलीत रहिवासी म्हणून नोंद हवी असेल तर अर्ज करायचा आणि वाट बघत बसायचं. पालिकेचा पोलीस एक दिवस न सांगता उगवतो आणि तुम्ही त्या पत्त्यावर खरंच राहता की नाही ते बघून जातो. आमच्या भागाचे पोलीस बालदेल्ली साहेब पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही आठवडी बाजारात वांगी निवडत होतो. दुसऱ्यांदा आले तेव्हा आम्ही एक मजला खाली, शेजारीण एर्सिलियाबाईंच्या ओट्याशी पास्त्याचं पीठ लाटत होतो. आता आमची बेल आम्हाला तिथे कशी ऐकू येणार? दोन्ही वेळा पत्रपेटीत चिठ्ठी पडली : 'कोणी आढळले नाही.'

तिसरी भेट शेवटची, आणि ती आता कुठल्याही दिवशी होणार होती. ती हुकली की अर्ज बाद! मग सरकारी डॉक्टर नाही, गाडी घेता येणार नाही, आणि डोरीनने एवढ्या हौसेने मांडलेला संसार गुंडाळून परत नेब्रास्का. तिथलं घर तर आम्ही विकून मोकळे झालो होतो!

म्हणून मी सोमवारी पहाटे सहाला बाह्या सरसावल्या. आधी कपाटं ओढून मागचं झाडलं. मग स्वयंपाकघरावर हल्ला! काळीकुट्ट झालेली कॉफीची किटली, तळण्याची कढई, दोरीला टांगलेलं सॉसेज, टोमॅटोच्या बाटल्या, फ्रीजवर चिकटवलेल्या बाजाराच्या याद्या, डोरीनच्या फाटक्या सपाता, माझ्या त्याहून फाटक्या सपाता, सगळं खोक्यांत भरलं आणि तळघरातल्या आमच्या खोलीत नेऊन कोंबलं. फ्रीज रिकामा करून सोड्याने पुसला. आत फक्त पाण्याची एक बाटली आणि शोभेला एक लिंबू ठेवलं.

"आपण खायचं काय?" डोरीनने विचारलं.

"एकदा नोंद होऊ दे, मग आयुष्यभर खा!"

डोरीनलाही मग स्फुरण चढलं. तिने पलंगावर पांढरी चादर ताणून बसवली, तिच्यावर दोन टॉवेल घडी करून ठेवले आणि वर साबणाची एकेक छोटी वडी! घर असं दिसायला लागलं की मला बूट घालून आत यायची भीती वाटू लागली.

एकच उणीव होती. घराला वास नव्हता. आमच्याकडे घर दाखवायचं असलं की आधी काहीतरी भाजायला टाकतात, म्हणजे येणारा माणूस दारातच विरघळतो. डोरीनने ॲपल पाय, म्हणजे आमचा सफरचंदाचा गोड पदार्थ, ओव्हनमध्ये ठेवला. मी पडदे मशीनला लावले आणि हातात व्हॅक्यूम क्लीनर घेऊन कळ दाबली.

खट्!

सगळं बंद. इथे एका घराला वीज मिळते ती मोजून. ओव्हन चालू असेल तर मशीन लावायचं नाही, हे पोरंसोरंही जाणतात. सात महिन्यांत माझ्याही अंगवळणी पडलं होतं. पण त्या दिवशी माझ्या अंगात वेगळंच वारं शिरलं होतं!

पडलेला खटका वर करायचा तर तळमजल्यावर मीटरच्या कपाटापाशी जावं लागतं. ॲप्रन, हातात रबरी मोजे, मोज्यात संडास घासायचा ब्रश, अशा थाटात मी तीन मजले उतरलो. खटका वर केला, वळलो, आणि काचेच्या दारापलीकडे काय दिसलं? गणवेशातले एक गृहस्थ पत्रपेटीवर कागद टेकवून लिहीत होते.

"थांबा!" मी दार उघडून असा ओरडलो की साहेबांचं पेन खाली पडलं. "मी आढळलो आहे! मी आढळलो आहे!"

बालदेल्ली साहेबांनी आधी ब्रशकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी चार वेळा बेल वाजवली."

"वीज गेली होती हो, साहेब!"

"घरात कोणी राहत असलं की सहसा विजेचं भान ठेवतात," ते म्हणाले. पण आले वर.

मी ऐटीत दार उघडलं. ॲपल पायचा घमघमाट सुटला होता. साहेब विरघळले नाहीत. त्यांनी स्वयंपाकघरात नजर फिरवली, फ्रीज उघडला आणि त्या लिंबाकडे बराच वेळ बघत राहिले. मग बेडरूमच्या दारात उभे राहून त्यांनी ते टॉवेल पाहिले. साबणाच्या वड्या पाहिल्या.

"वाय-फायचा पासवर्ड कुठे लावलाय?" त्यांनी विचारलं.

"कसला पासवर्ड?"

"पाहुण्यांसाठी लावतात तो. हे घर तुम्ही सुट्टीत येणाऱ्यांना भाड्याने देता ना?"

"छे छे! आम्ही राहतो इथे! बसा ना, कॉफी घ्या," असं म्हणत मी ओट्याकडे झेपावलो आणि जागच्या जागी थिजलो. किटली तळघरात!

"कॉफीची किटली नाही?" साहेबांचा आवाज एकदम हळू झाला. घरात जाजम नसलं, टीव्ही नसला तरी इथले लोक समजून घेतात. पण किटली नाही?

"आहे ना! सगळं आहे! कढई आहे, सॉसेज आहे, सपाता आहेत. तळघरात ठेवलंय!"

"म्हणजे तुम्ही तळघरात राहता?"

डोरीनने डोळे मिटून घेतले. साहेबांनी खिशातून तो अर्धवट लिहिलेला कागद काढला आणि पेनाचं टोपण उघडलं. तीस वर्षं मी लोकांच्या घरात उभा राहून असंच टोपण उघडत आलो, पण समोरच्याला काय होतं ते मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

इतक्यात जिन्यावर काठीचा आवाज आला आणि एर्सिलियाबाई दारात उभ्या राहिल्या. वय अठ्ठ्याहत्तर, उंची माझ्या कोपरापर्यंत, पण आवाज अख्ख्या बोळाला पुरेल असा.

"वेंडेल! सकाळी सहापासून माझ्या डोक्यावर काय नाचवतोयस? अरे, फाबियो, तू होय! आईची कंबर कशी आहे?"

"बरी आहे, सिन्योरा." साहेबांनी टोपी काढली. "बरं झालं आलात. सरकारी प्रश्न आहे, खरं काय ते सांगा. ही माणसं इथे राहतात का?"

"राहतात?" बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, हे राहायला आल्यापासून मला राहणं कठीण झालंय! सात महिने रोज संध्याकाळी साडेपाचला तळणाचा वास! साडेपाचला, फाबियो! तेव्हा माणसांची दुपारची भांडी तरी घासून झालेली असतात का?"

"रोज?" साहेबांनी विचारलं.

"रोज! आणि हा बाबा अख्खी शिजवायची स्पॅगेटी मोडून उकळत्या पाण्यात टाकतो. खिडकी उघडी असते, मला खाली कडाकडा ऐकू येतं, काळजात चर्र होतं! जेवण झाल्यावर दुधाची कॉफी पितो. दुधाने जेवण पचणार नाही म्हटलं, तर हसतो! काचेचा कचरा द्यायच्या दिवशी प्लास्टिक टाकतो आणि कचरेवाले बोलतात मला. आणि ही बाई! मार्च महिन्यात ओल्या केसांनी बाल्कनीत उभी राहते. मानेला वारं लागलं म्हणजे?"

यापेक्षा बाई गप्प बसल्या असत्या तर बरं झालं असतं! पण बालदेल्ली साहेब मघाचा कागद बाजूला ठेवून फॉर्मवर भराभरा लिहीत होते.

"आणखी काही?"

"आणखी? फेब्रुवारीत एक दिवस साडेपाच वाजले, वास नाही. पावणेसहा झाले, वास नाही! म्हटलं, मेले की काय दोघं? तशीच वर आले. तर ही तापाने फणफणलेली आणि हा बावळट डब्यातलं सूप गरम करतोय. डब्यातलं! मग चार दिवस मी कोंबडीचं सूप करून वर आणलं. या गुडघ्यांनी, चार दिवस!"

मंडळी, ते सूप आम्ही प्यालो होतो, पण बाई त्या दिवशी वर का आल्या ते मला आजच कळत होतं. नेब्रास्कात आमची चूल महिनाभर पेटली नसती, तरी शेजाऱ्याने फक्त अंगणात वाढलेल्या गवताची तक्रार केली असती. आणि इथे ही बाई सात महिने आमच्यावर चिडत होती, पण पंधरा मिनिटं आमचा वास आला नाही तर काठी टेकत जिना चढली होती. डोरीन चक्क त्या शोभेच्या टॉवेलात तोंड खुपसून रडत होती.

साहेबांनी फॉर्म उलटला. पहिली बाजू भरली होती. "पुरे, सिन्योरा. पर्यटकांबद्दल कोणी इतकं सांगत नाही. त्यांना शिव्या द्यायला वेळच मिळत नाही, परवा जातात ते." त्यांनी मघाची अर्धवट चिठ्ठी फाडून खिशात टाकली. "झालं तुमचं काम."

"सगळं लिहिलंस ना?" एर्सिलियाबाईंनी मान उंचावून कागदात डोकावलं. "हेही लिही, की ही माणसं सुधारण्यातली नाहीत, पण आता आमची आहेत."

"त्याला फॉर्ममध्ये रकाना नाही, सिन्योरा."

"मग पाड एक रकाना! आईला सांगू का तुझ्या?"

साहेबांनी निमूटपणे आणखी एक ओळ लिहिली. मी बाईंचे दोन्ही हात हातात घेतले, अर्थात रबरी मोजे काढून, आणि मनापासून आभार मानले. त्या म्हणाल्या, "आभार कसले मानतोस? पडदे धू आधी, मशीन बंद पडून तासभर भिजतायत."

तीन आठवड्यांनी पालिकेचा कागद आला. आम्ही अधिकृत रहिवासी झालो होतो! खाली शेऱ्याच्या जागी, बाईंच्या मायेचं सरकारी भाषेत जेवढं भाषांतर होऊ शकतं तेवढं करून, साहेबांनी लिहिलं होतं : 'शेजारी त्रस्त, सबब रहिवास खरा समजावा.'

आयुष्यात एवढी मोलाची गोष्ट माझ्याबद्दल कोणी लिहिली नव्हती. मी कागदाला चौकट केली, स्वयंपाकघरात टांगली आणि एर्सिलियाबाईंना हाताला धरून दाखवायला वर आणलं. त्यांनी चष्मा लावला, अक्षरन् अक्षर वाचलं. मग नाक ओढून म्हणाल्या, "तिरकी टांगलीयस."