पाव्हण्याचं तिकीट

आबाजींच्या बैठकीत कोणी पाव्हण्याकडे पाठ करून बसत नाही. मीटर पाहायला येणारा माणूससुद्धा आकडा टिपतो आणि उलटा चालत बाहेर पडतो. एकदा त्याने चुकून पाठ फिरवली, तर आबाजी खुर्चीतूनच हळू आवाजात म्हणाले, "असं नको करू बावा. त्याले आवडत नाही."

पाव्हणा म्हणजे अस्वलाचं मुंडकं. शिकार कायद्याने चालायची त्या काळात आबाजींच्या वडिलांनी ते नागझिऱ्याकडे मारलं. वनखात्याचा कागद फ्रेम करून शेजारीच टांगला आहे. मुंडकं लाकडी पाटावर, जबडा उघडा, आणि डोळे दोन तऱ्हेचे. उजवा तपकिरी काचेचा. डावा कधीतरी पडला, तेव्हा आबाजींच्या बायकोने, म्हणजे आमच्या गल्लीच्या आजीने, तिथे हिरवी गोटी बसवली. काचेचा डोळा समोर पाहतो. गोटी कुठे पाहते हे मला अजून कळलेलं नाही. मी जागा बदलून पाहिली आहे.

आबाजी साकोलीतले आमचे शेजारी. पूर्वी धानाचा व्यापार करायचे. आजी गेल्यापासून एकटेच राहतात आणि सगळे निर्णय पाव्हण्यावर सोडतात. भाजीवाली दारात विचारते, "आबाजी, मेथी देऊ का?"

"थांब, पाव्हण्याले इचारून सांगतो." आत जातात, बाहेर येतात. "नाही म्हणते."

"मागच्या हप्त्यातबी नाही म्हणे. अस्वल मेथी खाते काय?"

"म्हणूनच त नाही म्हणते."

श्रावणात आबाजी मोरीत पाय घसरून पडले आणि दूधवाला येईपर्यंत तिथेच पडून राहिले. तेव्हापासून त्यांचा मुलगा, विलासदादा, बंगळुरूहून रोज फोन करू लागला. दिवाळीच्या आधी इकडे या, घर विकून टाकू. आबाजींनी विरोध केला नाही. फक्त म्हणाले, "पाव्हणा येईन त मीबी येईन."

"ट्रकने पाठवू ना, बाबा."

"मी हवेत आन् तो टरकात? पाव्हण्याले असं नेतेत काय रे?"

विलासदादाने शेवटी हात टेकले. नागपूरहून जाणारं कोणतंही विमान नेत असेल तर दोघंही या, म्हणाला. विचारायचं काम माझ्याकडे आलं. फोनवर बोलायचं मी होईल तेवढं टाळते. आमच्या घरचा गॅससुद्धा आई नोंदवते. पण इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी विमानाशी बोलू शकते, अशी आमच्या गल्लीची समजूत आहे.

"स्पीकरवर ठेव," आबाजी म्हणाले. "त्यालेबी आयकू दे."

पहिल्या कंपनीतल्या बाईंनी विचारलं, प्राण्याला लस टोचली आहे का? मी सांगितलं, तो जिवंत नाही. तुमच्या दुःखात सहभागी आहोत, त्या म्हणाल्या. मी आभार मानले.

"काय म्हणते?"

"त्यांना वाईट वाटलं."

"पाहा," आबाजी पाव्हण्याला म्हणाले. "लोकं चांगले हायेत."

मुंडकं म्हणजे काय ते नीट समजल्यावर मात्र बाईंनी नकार दिला. दुसऱ्या कंपनीचा माणूस त्याहून स्पष्ट होता. शिकारीतलं काहीच आम्ही नेत नाही; शिंग नाही, कातडं नाही, मुंडकं तर नाहीच. मी मराठीत सांगितलं. आबाजींनी मान डोलावली.

"बरोबर हाय त्याईचं. मेलेलं जनावर पोटात घेऊन उडाचं म्हणजे इमानालेबी कसंतरीच होत असन."

मग त्यांनी चिवड्याचा डबा काढला. प्रत्येक नकाराला चिवडा निघायचा, हे माझ्या लक्षात येऊ लागलं होतं. बकाणा भरूनच ते विलासदादाला फोन करत. "मी त तयारच हाओ बेटा. इमानवालेच नाही म्हणून रायले."

एका दुपारी असाच नकार घेऊन झाला आणि लाईट गेली. पंखा थांबला. अस्वलाच्या कानामागचे केस मात्र त्यानंतरही थोडा वेळ हलत राहिले. आबाजींनी हात वर करून मला गप्प केलं. त्या शांततेत पाटाच्या मागून बारीक सळसळ आली, कोणी ओठांतल्या ओठांत सांगत असल्यासारखी.

"आयकू आलं?"

"आतला भुसा सरकला असेल, आबाजी."

"हो, भुसाच." ते मुंडक्याकडेच पाहत होते. "तुही आजी त्याले पुसता पुसता त्याच्याच कानात बोले. माह्यासंग नाही. मी पडलो गरम डोक्याचा. भात करपला, पोराचा फोन नाही आला, कंबर दुखते, सारं त्याले सांगे. मी तिकडं सयपाकघरात पाण्याचा गिलास धरून आयकत रायचो. मंग करपलेला भात गुमान खाऊन घ्याचो. तिले कधी समजलंच नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "इथंच उभी राहे ती. या भिंतीपुढं."

त्या दिवसापासून फोन लावताना मीही नकाराची वाट पाहू लागले.

शेवटी एकच कार्गो ऑफिस उरलं. तिथला माणूस घाईत होता, इंग्रजीत भरभर बोलला. मालकीचा कागद आहे ना? मग राज्याबाहेर न्यायची परवानगी काढा, पेटी नीट बांधा, आम्ही नेऊ. त्याच विमानाने, काही अडचण नाही.

पंखा चालू होता, तरी सळसळ मला ऐकू आली. आबाजींचा हात डब्याच्या झाकणावर होता.

"काय म्हणते?"

मी फोन बंद केला. "नाही म्हणते."

आबाजींनी श्वास सोडला. डबा उघडलाच नाही. "बस बेटा. आज मी च्या मांडतो," म्हणाले आणि आत गेले.

बैठकीत मी आणि तो उरलो. गोटी माझ्याकडे पाहत होती, या वेळी नक्की. पाटाखालच्या खिळ्याला आजीचं फडकं अजून तसंच होतं. मी उठले, फडकं घेतलं आणि त्याचं नाक पुसलं. केस किंचित कोमट लागले. मग कानाशी वाकून, मला जमतं तेवढ्या हळू आवाजात म्हणाले, "ते हो म्हणाले होते. मीच नाही म्हटलं."

स्वयंपाकघरात कपबश्यांचा आवाज थांबला. मग दूध उतू गेल्याचा वास आला.

आबाजी चहा घेऊन आले. कप माझ्यापुढे ठेवला आणि विलासदादाला फोन लावला. "हेबी नाही म्हणते बेटा," ते म्हणाले. या वेळी तोंडात चिवडा नव्हता.

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे नाही, भिंतीकडे पाहिलं. पाव्हण्यालाच सांगितलं, "पोरीचा च्या करपला आज."

मी गुमान पिऊन घेतला.