किती बल्बचा माणूस?

आमच्या शेजारच्या रामटेकेकाकांना माणसाचं गाव, नोकरी, पगार यांत रस नसे. नवा माणूस घरात आला की त्यांचा पहिला प्रश्न, "किती बल्बचा हायेस बे तू?"

त्यांच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत एक सायकल स्टँडवर उभी असायची. मागच्या चाकावरून बेल्ट, बेल्टला जुन्या जीपचा डायनामो आणि भिंतीवरच्या फळीवर गाडीचे एकवीस वॅटचे बल्ब. एकेक बटण दाबलं की पायडल जड होत जाई. जितके बल्ब मंद न होता पेटते ठेवाल, तितकी तुमची ताकद. "बेल्ट अन् डायनामो खाते तेवढं अजून धराचं," म्हणून काका आलेले वॅट दुप्पट करत. मी दोन बल्बांचा निघालो. पोलिसातला माझा मेहुणा दीडवरच धापा टाकू लागला. "साहेबाले लिंबूपाणी द्या, बत्ती जाऊन राहिली!"

त्यांची मुलगी वंदना मात्र फळीवरचे सगळे बल्ब लख्ख पेटवायची. भिलाईच्या उन्हाळ्यात रस्त्यावर सराव कुठला करणार? तो रोज घरीच, याच सायकलवर. टाउनशिपच्या सायकल शर्यतीत पहिली येणारी मुलगी राज्य स्पर्धेसाठी भोपाळला जाणार होती; भिलाई तेव्हा मध्य प्रदेशातच होतं. कोच म्हणाले, "लड़की दुबली है."

काका उसळले, "सर, बल्ब से पूछो!"

शर्यतीला आमचा सगळा ब्लॉक लोटला. वंदना पहिली आली आणि छाती माझीच फुगली. काकांचा मात्र पत्ता नाही. मला रागच आला. स्कूटर काढली आणि तडक त्यांचं घर गाठलं.

काका घामाने निथळत स्टँडवरची सायकल मारत होते. फळीवर अंधार. एक वायर मात्र दाराखालून आतल्या खोलीत गेली होती. तिथे काकू लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या, आणि त्यांच्या उशाशी एक बल्ब जळत होता.

"काका, आज तरी यायचं ना तिथे!"

"हिले बाहेर येता येत नाही," काका न थांबता म्हणाले. "रोज हा पेटला का हिले समजते, पोरगी चालवून राहिली. आज पोरगी तिकडं. मंग इथं कोन चालवन?"

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"पहिली आली काका! भोपाळला चालली!"

काकांचे पाय थांबले. आतला बल्ब विझला.

"थांबता कावून?" आतून काकूंचा आवाज आला. "पोरगी घरी याची हाये अजून."

काकांनी बाहीने डोळे पुसले आणि ते पुन्हा पायडल मारायला लागले.