सहीवरची पिवळी चिठ्ठी

कागद जपायचा असेल तर त्यावर दुसरा कागद चिकटवावा, हे दप्तर सांभाळण्याचं मूळ तत्त्व आहे. आमच्या जुन्या नोंदींच्या कार्यालयात ते तंतोतंत पाळलं जातं. गेल्या वर्षी आम्ही नऊ हजार चारशे पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि एकही पान हरवलं नाही. (अक्षरं किती हरवली हे मोजायला वेगळा विभाग लागेल. तसा प्रस्ताव पाठवला आहे. त्यावरही चिठ्ठी आहे.)

आता एका आजींचं प्रकरण घ्या. आजी आईच्या पोटात असतानाच त्यांचे वडील गेले. फोटो नाही, पत्र नाही. विवाहनोंदणीच्या वहीत त्यांची सही तेवढी उरलेली. "डोळे मिटायच्या आत एकदा बघू द्या हो," आजी म्हणाल्या. आमचं काळीज काही दगडाचं नाही. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या अधिकाऱ्यांनी, त्याच दिवशी सही शोधून काढली आणि पुन्हा शोधाशोध नको म्हणून बरोबर सहीवरच चिठ्ठी लावली: 'अमूल्य. हात लावू नये.'

दाखवायला मात्र परवानगी लागते. पहिल्या फेरीत अर्जाला फोटो नव्हता. दुसऱ्या फेरीत फोटो होता, पण त्यात आजी हसत होत्या. तिसरीत शिक्का नव्हता, चौथीत शिक्का होता पण उलटा, पाचवीत परवानगी देणारे साहेबच रजेवर. दर फेरीला आम्ही चिठ्ठी उचलून खाली सही असल्याची खात्री करायचो आणि नवी लावायचो, कारण जुनी नीट चिकटत नसे. का चिकटत नसे, याच्या खोलात कुणी गेलं नाही. तिच्या पाठीला थोडी शाई लागलेली असायची, इतकंच.

सहाव्या फेरीला परवानगी आली. आजींनी चष्मा पुसला. बाईंनी चिठ्ठी उचलली. खालची जागा धुतल्या तांदळासारखी स्वच्छ!

"सही कुठंय?"

"इथेच आहे, आजी. चिठ्ठीवर लिहिलंय ना."

"अहो, मग आधीच्या चिठ्ठ्या द्या. त्यांच्या पाठीवर असतील बाबा, थोडे थोडे."

त्या आम्ही रोज संध्याकाळी नष्ट करतो. ढिसाळपणा आमच्याकडे खपत नाही.

शेवटच्या चिठ्ठीच्या पाठीवर एक वेलांटी सापडली. आजी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. "ही बाबांचीच ना?" त्यांनी विचारलं. बाई हो म्हणाल्या आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागल्या. मग चिठ्ठी परत जागेवर लावली. (कार्यालयीन मालमत्ता आहे, घरी देता येत नाही.)

तुम्हाला आमचा राग आला असेल. येऊ द्या. पण तुमच्या कपाटातल्या फायलीत आईच्या हातचं एक जुनं पत्र आहे. त्यावर तुम्हीच चिठ्ठी लावलीय: 'महत्त्वाचं. निवांत वाचायचं.' मिळाला का निवांतपणा? नसेल तर आता घाई करू नका. चिठ्ठी उचललीत काय नि नाही काय, सारखंच.